हाडांच्या तपासणीचं ऑनलाइन पॅकेज आणि बोळातली लॅब: दोन्हीकडचा माझा अनुभव

जानेवारी ते मे या पाच महिन्यांत हाडांसाठी माझं रक्त तीनदा काढलं. एकदा मोठ्या कंपनीच्या पॅकेजमधून घरी येऊन आणि दोनदा आमच्या साताऱ्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये. दोघांचीही नावं मी लिहीत नाही. असं पॅकेज थोड्याफार फरकाने सगळेच विकतात, आणि अशी लॅब तुमच्याही गावात असेल. ती ओळखायची कशी, ते सांगायचं आहे.

आधी हे सगळं कशासाठी, ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, आता वय ६३. दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी पाय घसरला, हात टेकला आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, सगळे म्हणाले झालं. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडतं म्हणजे हाडाकडे बघायला हवं, हे तेव्हा कुणी बोललं नाही. माझ्या मनात मात्र ते राहिलं होतं. माझ्या आईचा खुबा मोडला तेव्हा ती ७१ वर्षांची होती, आणि त्यानंतर ती स्वतःच्या पायाने कधी अंगणात आली नाही.

दिवाळीत लेकीकडे पुण्याला गेले तेव्हा तिने हट्टाने डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा स्कॅन, करायला लावला. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा, उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेली आहे. म्हणजे हाड ठिसूळ झालंय हे डेक्साने सांगितलं. ते काम रक्ताचं नाही. रक्त कशासाठी, तर हाड का झिजलं, दुसरं काही दुखणं मागे दडलेलं नाही ना, आणि औषध सुरू केल्यावर ते लागू पडतंय का, हे बघायला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, पीटीएच, थायरॉइडची टीएसएच, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि शेवटी सीटीएक्स. सीटीएक्सच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघा कशासाठी, ते मी विचारलं नाही, ही माझी चूक.

मुलगा बंगळुरूला असतो. त्याने फोनवर बघितलं आणि म्हणाला, "आई, यात ऐंशीच्या वर टेस्ट आहेत, घरी येऊन घेतात, बावीसशे रुपये." सीटीएक्स त्यात नव्हती, ती वेगळे पंधराशे भरून जोडली. पीटीएच आणि इलेक्ट्रोफोरेसिसही नव्हतं, पण ऐंशीच्या आकड्यापुढे ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी सात ते आठची वेळ दिली होती. मी रात्रीपासून उपाशी. आठ वाजले, नऊ वाजले. फोन केला की "निघालेत मॅडम". दहा वाजता डोकं दुखायला लागलं म्हणून चहा घेतला, दोन खारी खाल्ल्या. रक्त घेणारा मुलगा आला अकरा वीसला. त्याच्यावर माझा राग नाही. एवढ्या सकाळपासून तो गाडीवर फिरत होता, चेहरा उतरलेला होता, आमच्याकडे पाणी मागून प्यायला. पण त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. काही खाल्लं का नाही, कुठली औषधं चालू आहेत का नाही. दंडाला पट्टा आवळला, "मूठ आवळा-सोडा, आवळा-सोडा" म्हणाला, शीर सापडेना म्हणून पट्टा तसाच ठेवून दुसरीकडे चाचपत बसला. नळ्या भरल्या, पिशवीत टाकल्या, पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला, एकोणीस पानांचा. पहिल्याच पानावर माणसाच्या सांगाड्याचं चित्र, त्यावर हिरवी खूण आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं, हाडांचं आरोग्य चांगलं. टी-स्कोअर उणे २.८ असलेल्या बाईला! ती खूण कशावरून, तर कॅल्शियम ९.८ आणि फॉस्फरस ३.६, दोन्ही मर्यादेत, यावरून.

हे मला सगळ्यात जास्त खटकलं, म्हणून जरा थांबून सांगते. रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा कमी पडू देत नाही, कारण हृदय, स्नायू, नसा सगळं त्यावर चालतं. अन्नातून पुरेसं आलं नाही तर पीटीएच हे पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन वाढतं आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. घरखर्चाला कमी पडू नये म्हणून एखादी बाई दर महिन्याला एक दागिना मोडते, तसं. तिच्या हातातल्या पाकिटात बघाल तर पैसे कायम पुरेसे. कपाट उघडलं तर डबा रिकामा. कॅल्शियमचा आकडा म्हणजे ते पाकीट आहे. ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम बहुतेक वेळा अगदी नॉर्मल असतं. ते बघायचं ते दुसऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचा काही दोष आहे का, डी फारच कमी झालंय का. त्यावर हिरवी खूण मारून बायकांना निर्धास्त करू नये. माझ्याकडे डेक्साचा कागद होता म्हणून बरं. नसता तर मी तो सांगाडा बघून निश्चिंत झाले असते.

बाकीच्या ऐंशीचं काय? सीबीसीमधला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतला, एकेक आकडा मोजून वीस-बावीस होतात, कोलेस्टेरॉलची गुणोत्तरं धरून आणखी सात-आठ. आरए फॅक्टर किंचित जास्त म्हणून लाल अक्षरात आला, आणि आता संधिवात पण का, या धास्तीने मी दोन रात्री नीट झोपले नाही. डॉक्टरांनी माझी बोटं, मनगटं दाबून बघितली आणि म्हणाले, सांधे सुजलेले नाहीत, या वयात धडधाकट माणसांतही हा थोडा वाढलेला सापडतो, सोडून द्या. न मागितलेली तपासणी फुकट मिळाली तरी ती कधी कधी झोपेच्या भावाने पडते.

एकोणीस पानं बाजूला ठेवून डॉक्टरांनी फक्त एक गोष्ट बघितली, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली नमुना घेतल्याची वेळ. ११:३४. मग विचारलं, "काही खाल्लं होतं?" मी चहा-खारी सांगितली. त्यांनी सीटीएक्सच्या ३४८ या आकड्यावर सरळ आडवी रेघ मारली.

सीटीएक्स म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं. हाड हा दगड नाही, ते रोज थोडं मोडतं आणि थोडं बांधलं जातं. मोडताना त्यातल्या कोलॅजनचे बारीक तुकडे रक्तात येतात, ते तुकडे मोजायचे. जितके जास्त, तितकी मोडतोड जोरात. बांधकाम किती चाललंय ते सांगणारी दुसरी तपासणी म्हणजे पी१एनपी. पण या मोडतोडीला घड्याळ आहे. रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत ती सर्वांत जास्त, दुपारकडे उतरत जाते, आणि पोटात अन्न गेलं की आणखी खाली येते. म्हणून सीटीएक्सचं रक्त सकाळी, उपाशीपोटीच घ्यायचं, आणि पुढच्या वेळीही त्याच वेळेला. पी१एनपीला खाण्याने फारसा फरक पडत नाही, सीटीएक्सला पडतो. त्या दोन रेघा यासाठी होत्या.

डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करायच्या आधीचा आकडा एकदाच मिळतो, तो नीट घेऊन या. आणि बोळातल्या लॅबचा पत्ता दिला.

एका औषध दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या. रक्त घेणाऱ्या ताई चाळिशीच्या असतील. मी आठ वाजून दहा मिनिटांनी पोचले.

"काकू, सकाळपासून काय घेतलंय?"

"काही नाही. चहा, तोही निम्मा कप."

"मग आज नाही घेत मी."

मी म्हटलं, रिक्षाने आलेय, निम्म्या कपाने काय होतंय. त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे वळवली, सीटीएक्सवर बोट ठेवलं. "तुमचे पैसे घेऊन चुकीचा आकडा देऊ का तुम्हाला?"

मग खुर्चीवर बसवून प्रश्न विचारायला लागल्या, आणि त्या पाच मिनिटांसाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. वर्षभरात कुठलं हाड मोडलंय का? कारण हाड जुळत असताना हे आकडे कित्येक महिने वाढलेले राहतात. (माझं दीड वर्षापूर्वीचं, म्हणून चालेल म्हणाल्या.) किडनीचा काही त्रास? स्टिरॉइड कधी घेतलंय, दम्यासाठी, अंगाला खाज म्हणून? थायरॉइडची गोळी किती पॉवरची? ती जास्त झाली तरी हाड झिजतं. आणि शेवटी, "केसांसाठी काही घेता का?"

घेत होते. भाचीने आणून दिलेल्या गोळ्या, केस गळतात म्हणून. ताईंनी घरी फोन लावायला सांगून डबीवरचं वाचून घेतलं. बायोटिन, १० मिलिग्रॅम. त्या म्हणाल्या, काही मशीनची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते. रक्तात ते जास्त असलं की सीटीएक्स आणि पीटीएच खोटे कमी दिसू शकतात, थायरॉइडचे आकडेही बिघडतात. नंतर लेकीने शोधून सांगितलं की अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच यावर इशारा दिला होता. आपल्याकडे केसांच्या गोळ्या किराणा घ्यावा तशा घेतल्या जातात आणि रक्त देताना ते औषध आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. मी पॅकेजचं रक्त दिलं तेव्हाही त्या चालूच होत्या. म्हणजे वेळ, खारी आणि गोळ्या, तिन्ही गोष्टी आकडा खालीच ओढणाऱ्या.

"तीन दिवस गोळी बंद, चौथ्या दिवशी साडेआठच्या आत या. रात्री नऊनंतर फक्त पाणी."

चौथ्या दिवशी आठ वाजून बारा मिनिटांनी माझं रक्त घेतलं. पट्टा बांधून शीर दिसली, सुई गेली, रक्त यायला लागलं की लगेच पट्टा सोडला. मूठ आवळू दिली नाही. जास्त वेळ आवळून ठेवलं तर कॅल्शियम थोडं वाढून दिसतं म्हणाल्या. आधी पिवळ्या झाकणाची नळी भरली, नंतर जांभळ्या. मी मास्तरीण, विचारल्याशिवाय राहवेना. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्या नळीतला थेंब जरी पिवळ्या नळीत गेला तरी कॅल्शियम खोटं कमी येतं. म्हणून पिवळी आधी. आणि सीटीएक्स, पीटीएच मात्र जांभळ्या नळीत जास्त काळ टिकतात.

मला थोडं बसायचं होतं, म्हणून पुढचंही बघायला मिळालं. पिवळी नळी अर्धा तास स्टँडवर उभी, मग मशीनमध्ये गरगर फिरवली. बाहेर काढली तेव्हा खाली गडद लाल, मध्ये जेलीची पांढरट चकती आणि वर गवताच्या रंगाचं स्वच्छ पाणी. सीटीएक्स इथे होत नाही, मुंबईला जाते. त्यासाठी जांभळीतलं वरचं पाणी पिपेटने छोट्या कुपीत काढलं, कुपीवर माझं नाव आणि ८:१२, आणि कुपी बर्फाच्या पाकिटांमध्ये थर्माकोलच्या डब्यात. कुपीवरचं अक्षर मोत्यासारखं होतं.

चार दिवसांनी सीटीएक्स आली ५९६. पहिली ३४८. माणूस तोच, हाडं तीच, मध्ये जेमतेम दोन आठवडे. पीटीएच ८१, त्या लॅबची वरची मर्यादा ६५. व्हिटॅमिन डी पॅकेजमध्येच १४ आलं होतं, ते परत केलं नाही. इलेक्ट्रोफोरेसिस स्वच्छ, म्हणजे मायलोमासारखा रक्ताचा कर्करोग वगैरे काही नाही. मग चित्र लागलं: डी कमी, म्हणून पीटीएच वाढलेलं, म्हणून दागिने मोडणं चाललेलं.

उपचारांचं थोडक्यात. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, दुधातून. आणि हाडाची मोडतोड कमी करणारी गोळी, ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, दर रविवारी उठल्या उठल्या पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, काही नाही. मे महिन्यात परत त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, त्याच ताईंकडे. डी ३८, पीटीएच ४९, सीटीएक्स २१४.

आता हा हिशेब बघा. ५९६ वरून २१४ म्हणजे जवळजवळ ६४ टक्के घट. गोळी पोटात नीट जातेय आणि काम करतेय याचा पुरावा. पहिला ३४८ चा आकडा धरला असता तर घट दिसली असती साडेअडतीस टक्के. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं असतं, रविवार चुकवता का, गोळीवर चहा घेता का. आणि एखादीच्या बाबतीत घट इतकी कमी दिसली असती की औषधच बदललं असतं. या तपासणीत काही प्रमाणातली हालचाल शरीराची नेहमीची म्हणून सोडून द्यावी लागते. तीन महिन्यांत औषधाची खबर द्यायला अशा रक्ताच्या तपासण्यांचीच सोय आहे. डेक्सावर फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तोवर आंधळेपणाने गोळी घेत राहणं फार जणींना जमत नाही, सोडून देतात. माझा २१४ चा कागद मी देवघराच्या कप्प्यात ठेवलाय. आता रविवारी गजर लागला की हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जातो.

व्हिटॅमिन डीबद्दल एक सांगायलाच हवं. नात्यातल्या एका काकांनी गुडघे दुखतात म्हणून याच पुड्या दर आठवड्याला वर्षाच्या वर घेतल्या, कुणी थांबवलं नाही, त्यांनी तपासलं नाही. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी. दाखल केलं तेव्हा डी दीडशेच्या वर आणि कॅल्शियम १२ च्या पुढे. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीतून निघून जात नाही. आठ म्हणजे आठ. आणि दुसरीकडे, काहीही त्रास नसलेल्या धडधाकट माणसांनी दरवर्षी डी मोजत बसू नये, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये सांगितलंय. हाड मोडलंय, डेक्सा खराब आहे, गोळी सुरू करायची आहे, तिथे ते मोजायलाच हवं. मोजायचं ते २५-हायड्रॉक्सी. शेजारच्या वहिनींनी १,२५ वालं करून घेतलं होतं, जास्त महाग, आणि डी कमी असतानाही ते नॉर्मल दिसतं.

पैशाचं म्हणाल तर पॅकेज आणि सीटीएक्स मिळून सदतीसशे. लॅबमध्ये सीटीएक्स, पीटीएच, इलेक्ट्रोफोरेसिस, कॅल्शियम-अल्ब्युमिन पुन्हा, यांचे बत्तीसशे. सगळं आधीच लॅबमध्ये केलं असतं तर अठ्ठेचाळीसशेत झालं असतं.

पॅकेजला पाचपैकी दोन. एक घरी येतात म्हणून, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती मोठीच सोय आहे, आणि एक त्या डीच्या आकड्यासाठी. तुम्ही घरीच बोलावणार असाल तर पहिलीच वेळ मागा, नऊनंतर माणूस आला तर सीटीएक्स त्या दिवशी देऊ नका, आणि रिपोर्टवर घेतल्याची वेळ खरी छापली आहे का ते बघा.

लॅबला साडेचार. अर्धा गुण जिन्यासाठी कापला. सोळा पायऱ्या, उभ्या, अरुंद, आणि कठडा एकाच बाजूला. उतरताना तो डाव्या हाताला येतो, आणि डावं माझं मोडलेलं मनगट. मेमध्ये माझ्यापुढे एक आजी होत्या, कमरेत वाकलेल्या, त्यांना बघून ताई ट्रे घेऊन खाली आल्या आणि औषध दुकानातल्या स्टुलावर बसवून रक्त घेतलं. चढवत नसेल तर खालूनच दुकानदाराला सांगा, तो वर हाक मारतो. दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवा, असं मी मालकांना सांगून आले आहे. नोव्हेंबरमध्ये जाईन तेव्हा बघेन.